किनाऱ्यावरच्या छपरांबद्दल पुण्यातल्या बांधकामवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यात बसून कोकणातल्या घरांचे नकाशे काढणारे आर्किटेक्ट, ती बांधणारे ठेकेदार, आणि नऱ्हे-धायरी-भोसरीच्या शेडमध्ये कैच्या (छपराचे त्रिकोणी लोखंडी सांगाडे) वेल्डिंग करून ताम्हिणीतून ट्रकने खाली उतरवणारे फॅब्रिकेटर,

सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किमी, मधले झोत १३० पर्यंत. पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या ते सगळ्यांच्या लक्षात आहे. घरांकडे मात्र जरा नीट बघायला हवं होतं. भिंती बऱ्याच ठिकाणी जागेवर होत्या, वरचं छप्पर नव्हतं. पत्रे शेजारच्या वाडीत, पर्लिन (कैच्यांवरचे आडवे पाइप, ज्यांना पत्रा स्क्रूने बसतो) पत्र्याला चिकटून तिथेच, आणि काही ठिकाणी अख्खी कैची बेस प्लेटसकट, म्हणजे बोल्टने बसवलेल्या तळाच्या लोखंडी पाट्यासकट, उचकटलेली. त्यानंतर रस्त्यावर झाडं, वीज आठवडेच्या आठवडे नाही, वर लॉकडाऊन. मोठ्या वादळानंतर किनाऱ्यावरचं गाव काही दिवस बेटच असतं. स्क्रू कमी पडले म्हणून पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत, माणूस पाठवता येत नाही. म्हणून जे काही करायचं ते आधी, बांधतानाच करायचं.

आम्ही स्ट्रक्चरल हिशेब आणि छपरांची दुरुस्ती या दोनच गोष्टी करतो, तेव्हा पत्रही तेवढ्यापुरतंच आहे. भरतीचं पाणी, जोत्याची उंची, विमा हे विषय महत्त्वाचे आहेत, पण इथे नाहीत.

आपल्याकडे छपराचा हिशेब वरून खाली होतो. पत्र्याचं वजन, पर्लिनचं वजन, कोणी दुरुस्तीला चढला तर त्याचं वजन. ते कैचीने पेललं की झालं. वादळात हाच हिशेब खालून वर करावा लागतो. वारा छपरावरून घसरत जातो तेव्हा वर ओढ तयार होते, आणि आत शिरलेली हवा खालून रेटते. ०.५ मि.मी.चा पत्रा चौरस मीटरला साडेचार-पाच किलो भरतो. पर्लिन आणि कैची धरली तरी सगळं छप्पर चौरस मीटरला बारा किलोच्या घरात. आता समोरच्या बाजूला किती ओढ आहे ते पाहा.

इमारतींवरचा वाऱ्याचा भार ठरवणारा भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग, २०१५ ची आवृत्ती, वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर धरते, म्हणजे ताशी १४० किमी. मुंबईसाठी ४४. मुंबईच्या खाली किनाऱ्याने सरकताना आपली जागा कुठल्या पट्ट्यात येते ते नकाशावर बोट ठेवून पाहा, आणि रेषेच्या जवळपास असाल तर गुपचूप ४४ धरा. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ३९ चे ४४ झाले की दाब सव्वापटीहून थोडा जास्तच होतो. इथपर्यंत बहुतेक जण करतात. चूक पुढच्या पायरीला होते. पुण्यातल्या दाट वस्तीत दहा मीटर उंचीला भूभागाचा गुणक (आजूबाजूची वस्ती वारा किती अडवते त्याचा आकडा) ०.९१ आहे; उघड्या समुद्रासमोर तो १.०५ आहे. कोथरूडच्या बंगल्याची फाइल उघडून तीच आकडेमोड मुरुडच्या प्लॉटला लावली, तर मूळ वेग सारखा असला तरी दाब पाव हिश्शाने कमी धरला जातो. त्यातून प्लॉट कड्यावर असेल तर टेकडीचा गुणक १.३६ पर्यंत जातो, आणि त्याचा वर्ग १.८५. गिऱ्हाईक सी-व्ह्यूसाठी जादा पैसे मोजतं. त्याच सी-व्ह्यूमुळे छपरावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो हे त्याला कोणी सांगत नाही.

एक गोष्ट जाता जाता. त्याच मानकात चक्रीवादळी पट्ट्यासाठी वेगळा गुणक आहे, पण तो पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातला लागू आहे. कोकण त्यात नाही. साध्या घराला तो तसाही १.० च असतो, त्यामुळे बंगल्याच्या हिशेबात फरक पडत नाही. गावातली शाळा किंवा दवाखाना तुमच्या हातात असेल तर मात्र मानकात लिहिलं नाही म्हणून थांबू नका. वादळानंतर लोक तिथेच येणार आहेत. तिथे १.३० धरा.

कडा सोडा, सपाट किनाऱ्यावरचं घर घेऊ. ३९ ला १.०५ ने गुणा, वर्ग करा, ०.६ ने गुणा. हजार न्यूटन येतात, म्हणजे चौरस मीटरला ढोबळ शंभर किलो. कमी उताराच्या पत्र्याच्या छपराला मधल्या भागात याच्या सुमारे १.२ पट ओढ बसते, आणि कडांना, कोपऱ्यांना, आढ्याजवळ दुप्पट. म्हणजे मध्ये १२० किलो आणि कडेला २०० किलो, वरच्या दिशेने. समोर छपराचं वजन बारा किलो. उरलेलं सगळं स्क्रू, वेल्ड आणि बोल्ट यांनी धरून ठेवायचं आहे.

स्क्रूपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त कंजुषी होते. ८ मीटर बाय १२ मीटरचं छप्पर, पर्लिन १.२ मीटरवर, पत्र्याच्या उंच घड्या २०० मि.मी.वर, आणि प्रथेप्रमाणे एक घडी सोडून एक स्क्रू. एका स्क्रूच्या वाट्याला ०.४८ चौरस मीटर येतं. मध्ये त्याच्यावर ५८ किलोची ओढ, कडेला ९६ किलोची. सगळे मिळून स्क्रू लागतात दोनशे. आता कडेच्या १.२ मीटरच्या पट्ट्यात पर्लिन ७५० मि.मी.वर घ्या आणि प्रत्येक घडीवर स्क्रू मारा: कडेच्या स्क्रूवरचा भार ३० किलोवर येतो. एकूण स्क्रू चारशेच्या आसपास. दोन-तीन पर्लिन वाढल्या, दोनशे स्क्रू वाढले, आणि कारागिराचा अर्धा दिवस. घराच्या खर्चात ही रक्कम शोधूनसुद्धा सापडणार नाही.

स्क्रू मारायचे कसे, हेही सांगितलं पाहिजे. गळू नये म्हणून आपण तो उंच घडीवर मारतो, ते बरोबर आहे. पण ड्रिल मशीनचा क्लच न लावता दाबला की घडी चेपते, रबरी वायसर बाहेर फुगतो, आणि त्या खळग्यात पाणी साचतं. चेपलेल्या घडीभोवती पत्र्याला आधीच बारीक ताण असतो. वादळात पत्रा तासन्‌तास वर-खाली फडफडतो आणि नेमका तिथेच चिरतो. स्क्रू जागेवर राहतो, पत्रा त्याच्यावरून निघून जातो. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं आणि सुमारे सत्तर टक्के घरं गेली. तिथल्या तपासणीत पत्रा स्क्रूभोवती थकून फाटल्याचं दिसलं, आणि त्यानंतर छपराच्या पत्र्यांची चाचणी एकदा जोर लावून न करता हजारो वेळा ओढ-सोड करून करायची पद्धत आली. उपाय साधा आहे. कडेच्या पट्ट्यात स्क्रूच्या डोक्याखाली घडीच्या आकाराचा रुंद धातूचा वायसर घाला, खाली ईपीडीएम रबराची गादी. वायसर नुसता टेकून किंचित दबला की थांबा. स्क्रू ५.५ मि.मी. जाडीचे, घडीची उंची अधिक पर्लिनची भिंत अधिक तीन आटे, एवढ्या लांबीचे. पत्रा विकत घेताना ‘पॉइंट फाइव्ह’ असं तोंडी न घेता कडेला मायक्रोमीटर लावा. रंगासकट ०.५० म्हणून विकलेला पत्रा ०.४२ निघणं ही बाजारातली रोजची गोष्ट आहे.

आता पर्लिन. पुण्यात दोन बाय एक इंचाचा चौकोनी पाइप सर्रास वापरतात, तोही १८ गेजचा, म्हणजे भिंत १.२ मि.मी. स्क्रूचे आटे धरणार तरी कशाला? एक-दोन आट्यांची पकड मिळते, बस. किनाऱ्यावर किमान २ मि.मी.ची भिंत घ्या. आणि पाइपची टोकं उघडी ठेवू नका! खारी हवा आत जाते, रात्री दव धरतं, आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग ठाकठीक, आतून स्क्रूच्या भोकाशी भिंत कागदासारखी. टोकाला झाकण वेल्ड करा, आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला असेल तर जळालेल्या जस्ताच्या जागी त्याच दिवशी झिंक-रिच प्रायमर लावा. उद्या लावू म्हटलं की तो लागत नाही. शेडमध्ये पर्लिन कैचीला टाक्याने धरून ठेवतात आणि पूर्ण वेल्ड साइटवर करू म्हणतात. साइटवर वीज गेलेली असते. पर्लिनखाली अँगलचा तुकडा लावून दोन बोल्टांनी बांधलं तर हा प्रश्नच उरत नाही.

साखळीतली पुढची कडी कैचीची बेस प्लेट, आणि सगळ्यात जास्त घरं इथे हरतात. कैच्या तीन मीटरवर, रुंदी सहा मीटर. एका टोकाला नऊ चौरस मीटर छप्पर येतं. १२० किलोने गुणा, छपराचं स्वतःचं वजन वजा करा: ९७० किलो. एक टन समजा. हा टन तुम्ही कशाला बांधला आहे? कोकणात उत्तर असतं, जांभ्याच्या चिऱ्याला, दोन रावल बोल्टांनी (भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट). चिरा सच्छिद्र आणि मऊ. बोल्ट फुगून भोकाच्या भिंतीला दाबतो तेव्हा चिरा आतून भुगा होतो. लावताना बोल्ट घट्ट वाटतो, कारण घट्ट झालेली असते फक्त नटाखालची प्लेट. पाण्याचा एक पावसाळा गेला की हाताने हलतो.

भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा हवाच. २३० मि.मी. रुंद, १५० मि.मी. उंच, चार सळ्या १० किंवा १२ मि.मी.च्या, रिंगा १५० मि.मी.वर, कोपऱ्यात सळ्या वळवून पुढच्या भिंतीत किमान अर्धा मीटर नेलेल्या. कैचीचे बोल्ट याच पट्ट्यात ओतताना सोडा, खाली आकडा वळवून आणि सळीखाली अडकवून. एवढं केलं की पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण तीन मीटर लांबीच्या या पट्ट्याचं वजन अडीचशे किलोच्या थोडं वर भरतं, आणि ओढ आहे एक टनाची. पट्टा भिंतीवर नुसता ठेवलेला असेल तर छपराबरोबर तोही उठतो. म्हणून पट्टा खाली बांधायचा. प्रत्येक कोपऱ्यात, दारा-खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये दर दीड-दोन मीटरला १२ मि.मी.ची उभी सळी जोत्याच्या पट्ट्यापासून वरच्या पट्ट्यापर्यंत घ्या. चिऱ्यात त्यासाठी खाच पाडावी लागते आणि थर चढतील तसं त्यात काँक्रीट भरत जावं लागतं. गवंडी कटकट करेल. कामाच्या ठिकाणी कोणी उभं नसेल तर खाच रिकामी राहील आणि वर सिमेंटचा हात फिरेल, हेही धरून चाला. काँक्रीटचं आवरण ४० ते ५० मि.मी. ठेवा, आणि पुळणीची वाळू कितीही फुकट असली तरी तिला हात लावू नका. मीठ सळीपर्यंत पोचतं.

जुन्या घराला हे सगळं नव्याने करता येत नाही. तिथे कैचीच्या बेस प्लेटपासून भिंतीच्या आतून आणि बाहेरून ३० बाय ३ मि.मी.ची गॅल्व्हनाइज्ड पट्टी खाली आणा, किमान एक मीटर, जमलं तर जोत्यापर्यंत. दोन्ही पट्ट्या भिंतीतून आरपार गेलेल्या बोल्टांनी एकमेकींना बांधा. अशी एक पट्टी सव्वा टन आरामात घेते. दिसायला वाईट दिसते, खरं आहे. गिलाव्यात बुजवायची असेल तर आधी दोन हात झिंक-रिच प्रायमर.

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण ही खास आपली देणगी. स्लॅब गळतो म्हणून त्यावर पाइपचे खांब आणि पत्रे. चारही बाजूंनी उघडी, म्हणजे वाऱ्याला खालून मोकळा रस्ता. खांब तीन बाय चार मीटरवर असतील तर एका खांबावर सव्वा टनाची ओढ सहज येते. खांबाची बेस प्लेट चार फास्टनरने बसवलेली असते, आणि फास्टनर असतात शंभर मि.मी. लांब. आता गच्चीचा छेद डोळ्यांसमोर आणा. वर चायना मोझेक किंवा टाइल, त्याखाली ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर), उताराच्या वरच्या बाजूला तो दीडशे मि.मी.पर्यंत जाड, आणि मग कुठे स्लॅब. तुमचे चारही फास्टनर विटांच्या तुकड्यांत आहेत. स्लॅबला ते शिवलेलेसुद्धा नाहीत. ओळखायची खूण सोपी: ड्रिलमधून लाल भुकटी येते आहे तोवर तुम्ही कोब्यात आहात. राखाडी सुरू झाली की काँक्रीट.

खांबाखालचा कोबा कापून काढा आणि बेस प्लेट काँक्रीटवर बसवा. त्यातही तुळईवर किंवा कॉलमवर. स्लॅब १२५ मि.मी.चा असतो, आणि १२ मि.मी.च्या केमिकल अँकरला (भोकात रसायनाने चिकटवलेल्या रॉडला) साधारण ११० मि.मी. खोली लागते, नुसत्या स्लॅबमध्ये भोक खालून फुटतं. १४ मि.मी.चं भोक पाडा, हवा मारा, तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा हवा मारा, मग रसायन तळापासून भरत वर या. धूळ राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं, आणि रॉड रसायनाच्या गुळगुळीत कवचासकट बाहेर येतो. नंतर कापलेल्या कोब्याभोवती वॉटरप्रूफिंग नीट बंद करा. नाहीतर ज्या गळतीसाठी शेड घातली तीच खांबाखालून सुरू होते.

आकाराचं थोडक्यात. चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा चांगलं, कारण वाऱ्यासमोर उभी त्रिकोणी भिंत नसते. २२ ते ३० अंशांचा उतार चांगला. पाच-सात अंशांचा ‘मॉडर्न’ पत्रा सगळ्यात वाईट. वळचण अर्ध्या मीटरच्या पुढे काढू नका. पावसाच्या झडीसाठी मोठी वळचण लागते हे मान्य, पण ती मुख्य छपराचा भाग म्हणून पुढे काढली की वारा तिला खालून पकडून सगळं छप्पर सोलतो. जुन्या कोकणी घरात पडवीचं छप्पर खालच्या पातळीवर, वेगळं असायचं. तसंच करा. पडवीच्या पर्लिन घराच्या कैचीला वेल्ड करू नका; तिचे खांब वेगळे, तिचा जोड वेगळा. गेली तर एकटी पडवी जाईल.

खिडक्या-दारांचा छपराशी संबंध काय, असं विचारणारे पुष्कळ आहेत. वाऱ्याकडची एक मोठी खिडकी फुटली की आतला दाब बाहेरच्या दाबाच्या ०.७ पटीपर्यंत चढतो आणि तो सगळा छपराला खालून लागतो. वर मोजलेले १२० किलो खिडक्या शाबूत आहेत असं धरून आहेत. दोन ट्रॅकच्या अॅल्युमिनियम स्लायडिंगचं पाखं काच न फुटताच ट्रॅकमधून निघतं, कारण खालच्या ट्रॅकमध्ये ते जेमतेम सहा-आठ मि.मी. बसलेलं असतं. समुद्राकडच्या बाजूला बिजागरीची, आतून आडणा लागणारी झडप द्या. ते पटत नसेल तर १२ मि.मी.चा मरीन प्लाय खिडकीच्या मापाने आधीच कापून, नंबर टाकून, चौकटीभोवती ३०० मि.मी.वर बोल्टची भोकं तयार ठेवून माळ्यावर ठेवा. वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी उघडी ठेवली की दाब निघून जातो, हा सल्ला ऐकू नका. वादळ पुढे सरकतं तसा वारा फिरतो, आणि उलटी बाजू तासाभरात सुलटी होते.

कौलांबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. कौलारू छप्पर जुनाट म्हणून काढून पत्रा घालायची टूम आहे, आणि ती नेहमीच शहाणपणाची नाही. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो भरतात, त्यांच्या फटींतून दाब थोडा निघून जातो, आणि गेली तर वीस-पंचवीस कौलं जातात, पूर्ण छप्पर नाही. मात्र सुटी ठेवलेली कौलं कडेला टिकत नाहीत. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याच्या दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि टोकाची कौलं खालच्या भोकातून गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधा. आढ्याची कौलं चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवा. रीप वाशाला खिळ्यांऐवजी स्क्रूने, आणि वासा भिंतीवरच्या लाकडाला दीड-दोन मि.मी. जाड पट्टीच्या कोपऱ्याने. नुसता तिरका खिळा लाकूड सुकलं की सुटतो.

चक्रीवादळांच्या वाटेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बेटवासीयांनी नेमकं हेच केलं आहे. जपानच्या ओकिनावात लाल कौलांचे सांधे पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्याने भरतात आणि घराभोवती दाट झाडांची भिंत लावतात. फिलिपिन्सच्या बाटानेस बेटांवर जाड दगडी भिंती, वादळाच्या बाजूच्या भिंतीला खिडकी नाही, आणि गवती छपरावर दोरखंडांचं जाळं टाकून ते खाली बांधतात. बर्म्युडात छपरं चुनखडीच्या लाद्यांची, वजनानेच जागेवर राहणारी. आणि २०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने डोमिनिका बेटावरच्या बहुतांश घरांची छपरं नेली. आपल्याकडच्या गरीब कौलारू घरासाठी बाटानेसची युक्ती चालण्यासारखी आहे: जुनं मासेमारीचं जाळं कौलांवरून टाकून जमिनीत पुरलेल्या आकड्यांना ताणून बांधायचं. नारळाला बांधू नका. झाड डोललं की ते जाळ्यासकट वासेही हलवतं.

सोलरवाल्यांनाही या पत्रात ओढावं लागेल. हल्लीचं ५५० वॉटचं पॅनेल अडीच चौरस मीटरच्या वर असतं आणि वजन तीस किलोच्या आत. किनाऱ्यावर त्याच्यावर तीनशे किलोच्या वर ओढ येऊ शकते. पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर आठ-नऊ फूट उंच मांडव करून पायाशी काँक्रीटचे ठोकळे ठेवायची पद्धत आहे; ती तशीच घाटाखाली नेऊ नका. उंची कमी, पाय तुळईत अँकर केलेले, आणि पॅनेलच्या कडेचे क्लॅम्प पॅनेल बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागीच. पाण्याची हजार लिटरची टाकी भरलेली असली तर एक टनाची असते, रिकामी असली तर फुगा. ती बांधा, आणि वादळ येणार म्हटल्यावर काठोकाठ भरा. प्यायलाही तेच पाणी लागणार आहे.

गिऱ्हाईकाला घर ताब्यात देताना एक कागद द्या. हवामान खातं किनाऱ्यावर वाईट हवा सुरू होण्याच्या ४८ तास आधी पिवळा इशारा देतं, २४ तास आधी नारिंगी. पिवळ्याला प्लाय आणि झडपा लावायच्या, टाकी भरायची, अंगणातल्या खुर्च्या-कुंड्या आत, सुकलेल्या झावळ्या उतरवायच्या. नारिंगीनंतर छपरावर कोणीही चढायचं नाही. पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवायची नाहीत. पत्रा उडाला की तेच दुसऱ्याच्या घरावर पडतात. वारा मध्येच एकदम पडला तर ते वादळाच्या डोळ्याचं, म्हणजे मध्यभागाचं, शांत वर्तुळ असू शकतं, आणि पुढचा वारा उलट्या दिशेने येतो. मालक पुण्यात आणि घर बंद असेल, जे बहुतेकदा असतंच, तर हा कागद घर सांभाळणाऱ्याच्या हातात हवा आणि प्लायचे नंबर त्याला ठाऊक हवेत.

आता मागणं. आर्किटेक्टनी छपराच्या नकाशावर एका ओळीत लिहावं: वाऱ्याचा मूळ वेग किती धरला, भूभागाचा गुणक किती, आणि कैचीच्या टोकाला ओढ किती किलो. ती ओळ नसलेल्या नकाशावरून फॅब्रिकेटरने काम घेऊ नये. ‘नेहमीसारखं करा’ म्हणजे पुण्यासारखं करा. फॅब्रिकेटरनी कोटेशनमध्ये पत्र्याची रंगासकट जाडी, पाइपच्या भिंतीची जाडी, कडेचे आणि मधले स्क्रू वेगवेगळे मोजून, आणि अँकरचा प्रकार व खोली लिहावी. स्क्वेअर फुटाचा एकच भाव लिहिला की स्पर्धा स्क्रू कमी करण्याचीच होते, मग कोणी कितीही प्रामाणिक असो. ठेकेदाराने भिंतीतल्या उभ्या सळ्यांच्या खाचा भरताना प्रत्येक थराचा फोटो ठेवावा. आणि ज्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत किनाऱ्यावर गच्चीवरची शेड बसवून दिली आहे, त्यांनी मे संपायच्या आत प्रत्येक ठिकाणी एक बेस प्लेट खोलून भुकटीचा रंग बघून यावा. लाल निघाली तर उरलेल्या प्लेटा खोलायची गरज नाही. त्या सगळ्या पुन्हा बसवाव्या लागतील.

कळावे,
छपरांचा हिशेब आणि दुरुस्ती करणारे पुण्यातले काही जण